सायकलीला पाजलेलं तेल

सायकलीतलं सगळं आपल्याला कळतं, अशी सतराव्या वर्षी माझी पक्की खात्री होती. तोवर आयुष्यात मी सायकल चार वेळा पाहिली होती. त्यातल्या दोन वेळा लांबून, आणि एकदा ती आडवी पडलेली होती. पण खात्री वाटायला पाहावं लागतं असं कुणी सांगितलंय? आता ऐंशी ओलांडल्यावर मला कशाचीच खात्री वाटत नाही, डोळ्यांवरचा चष्मासुद्धा मी घरभर शोधते. त्या पोरीला मात्र सगळं ठाऊक होतं. आज भेटली तर दोन चापट्या देईन तिला. तिनं काय केलं ते सांगते, म्हणजे तुम्हालाही हात शिवशिवतील.

लढाईची वर्षं होती, आमच्याकडं राज्य निजामाचं. माझं सासर गोरेगावच्या अलीकडं एका खेड्यात. घरात आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. थोरले दीर, जाऊबाई, त्यांची तीन लेकरं, आणि आम्ही दोघं. शेत एकच, तेही अर्धं खडकाळ. दोन भावांच्या दोन चुली त्यावर पेटायच्या नाहीत हे दिरांनी आमच्या लग्नाआधीच ओळखलं होतं. फक्त बोलून दाखवायला त्यांनी लग्नानंतरचा दुसरा उन्हाळा येऊ दिला. जेवता जेवता म्हणाले, "दिवाळी झाली की मुकादम मान्सं घिऊन चाललाय. चांद्याकडं, कोळशाच्या खानीवर. तुजं नाव सांगून ठिवलंय."

आमच्या ह्यांनी घास हातातच धरला. "मला इचारलं न्हाई, दादा."

"इचारून काय करू? इचारल्यावर शेत वाढनार हाय व्हय?"

गावातले दोघं त्या खाणीवर आधी गेले होते. एक परत आला तो खोकत. दुसऱ्याचा नुसता निरोप आला. मी भाकरी थापत होते. दिरांसमोर धाकट्या भावजयीनं बोलायचं नसतं, म्हणून बोलले नाही. भाकरी तेवढी जळू दिली. माझ्या विरोधाची मजल त्या काळी भाकरीपर्यंतच होती.

मृगाच्या आधी एक बातमी आली. हिंगोलीला आगगाडी होती, तार होती. कापसाचा भाव सकाळी तारेनं हिंगोलीत यायचा, आणि आमच्या बाजूच्या खेड्यांत पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडायचा. कारण मधे रस्ता म्हणावा असं काही नव्हतंच. खडकाची चढण, मग ओढा, मग काळ्या मातीची पाणंद, जिच्यात पावसाळा सरल्यावरही महिनाभर बैलाचे खूर रुतायचे. हिंगोलीत कापसाची सरकी काढायचं जिन होतं, त्या जिनवाल्या शेठला एक माणूस पाहिजे होता, जो सायकलीवरून त्याच दिवशी दुपारच्या आत भाव पोहोचवील. कापसाचे दिवस नसले की चिठ्ठ्याचपाट्या न्यायच्या. काम बारमाही, आणि झोपायला आपलं घर.

झोपायला आपलं घर. मी तेवढंच ऐकलं.

शेठची परीक्षा होती. दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी, आमच्याच गावच्या ओढ्यावर, कारण सबंध वाटेत त्याच्याइतकी वाईट जागा दुसरी नव्हती. आमच्या गावाला मिळालेला हा पहिला मान. चढण, ओढा, पाणंद, तिन्ही ठिकाणी शेठची माणसं उभी राहणार, आणि स्वाराचा पाय जमिनीला टेकला की तो बाद. "उतर के ढकलनेवाला मेरे पास है," शेठ म्हणाला होता म्हणे, "वो तो सायकल का हमाल है. मेरे को सवार चाहिए."

आता सवार घरात होता. लांब पायांचा, हलका, तोल असा की विहिरीच्या काठावरून तांब्या घेऊन चालत जायचा. राग तेवढा वाईट होता त्याचा. गवताच्या गंजीसारखा भडकायचा आणि तितक्याच लवकर विझायचा. मी मात्र भडकण्यालाच इतकी भ्यायचे, की विझतो हे माझ्या ध्यानातच राहायचं नाही. सवार होता, सायकल नव्हती. माझ्या माहेरून आंदण आलेली एक तांबडी गाय होती. "गाय विका," मीच म्हटलं.

आत्याबाई तव्यावरच्या पुरणपोळीसारख्या फुगल्या. "दुधाची गाय दिऊन लोखंडाची आनताव व्हय? शेन तरी टाकंल का ती, इचारून घे."

हिंगोलीला स्टेशनच्या अंगाला एक म्हातारा मिस्त्री जुन्या सायकली दुरुस्त करून विकायचा. गाय विकली, आणि मृगाचे पहिले पाऊस झाल्यावर आम्ही बैलगाडीनं गेलो. आत्याबाईंना बाजारातून कुंकू-करदोडे घ्यायचे होते, म्हणून मलाही जाता आलं. मिस्त्रीकडं दोनच सायकली होत्या. एक काळी, गंजलेली, जाड टायरची, बसकी. बघूनच वाटावं की हिला कुणी माहेरी नेत नसेल. दुसरी हिरवी. अशी हिरवी की पोपटानं लाजावं. तिच्यावर सोनेरी रेघा, पुढं दिवा, आणि घंटी अशी, की मिस्त्रीनं एकदा वाजवली तर माझ्या पाठीत शिरशिरी आली.

"काली लेव," मिस्त्री म्हणाला. "बैल है बैल. पत्थर में चलाव, कीचड में चलाव. ये हरी तो शादी में जाने की है."

हे काळीकडं बघत होते. मी पदराआडून ह्यांना कोपरखळी मारली. पुन्हा मारली. मग हनुवटीनं हिरवी दाखवली. आता विचार करा, माझी अक्कल कुठवर: भाव घेऊन जाणाऱ्या माणसाला घंटी पाहिजे, नाहीतर लोकांना कळणार कसं की भाव आला? हे मी ह्यांना कानात सांगितलं, आणि त्यांना ते पटलं. लग्नाला दोनच वर्षं झाली की पुरुषाला काहीही पटतं. मिस्त्रीनं कपाळावर हात मारला आणि गाईची किंमत घेतली.

परत येताना पहिल्याच पाणंदीत आमचा लग्नातला पोपट रुतला. बारीक टायर काळ्या मातीत सुरीसारखं घुसलं. चिखल मडगार्डात असा बसला की चाक फिरेना, आणि शेवटी ह्यांनी सायकल खांद्यावर घेतली. मी गाडीतून बघत होते. आत्याबाई म्हणाल्या, "गाय आपल्या पायानं चालत आली व्हती."

मग सुरू झाली सायकलीची सुधारणा. सुधारणा म्हणजे मी जे जे पाहून ती निवडली होती ते ते काढून टाकणं. पहिली मडगार्डं गेली. मग दिवा आणि घंटी. ती मिस्त्रीला परत देऊन त्याच्याकडून पायडलीचं लहान दातेरी चक्र आणलं, म्हणजे चढणीला पायावर जोर कमी येतो. पायडलीचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं, तिथं सुतारानं बाभळीच्या खाचा पाडलेल्या पट्ट्या बसवल्या. लोहारानं हँडल तापवून रुंद केलं. सोनेरी रेघा भट्टीतच गेल्या. टायरला एके ठिकाणी चीर होती. लढाईमुळं रबर मिळत नव्हतं, म्हणून आतून मोटेच्या कातड्याचा तुकडा शिवून घेतला. ट्यूब एकच. तिला पंक्चर झालं की मी पीठ मळायच्या परातीत पाणी घालून ती बुडवायची, बुडबुडा शोधायची आणि ठिगळ चिकटवायची. परातीला रबराचा वास लागला, भाकरीला परातीचा. थोरले दीर घास हुंगून म्हणायचे, "आज टायर भाजलंय व्हय?"

एक गोष्ट मात्र मला खरंच सापडली, आणि तीच नडली. एकदा ठिगळ नीट बसलं नव्हतं, हवा हळूहळू गळत होती, आणि हे तशीच सायकल घेऊन खडकाच्या चढणीला गेले. रोज तिथं चाक दगडावरून उडायचं, आणि त्या दिवशी ते दगडाला धरून चढलं. हे धावत घरी आले. "अगं, चढली! पाय न टेकता चढली!" मी टायर दाबून पाहिलं, ते कणकेच्या गोळ्यासारखं मऊ. म्हटलं, "हवा कमी ठेवा. मऊ पाय दगडाला धरतो, आपल्या टाचेसारखा." ह्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी त्यानंतर चार दिवस जमिनीवर नव्हतेच. झालं. त्या दिवसापासून मी स्वतःला मिस्त्री समजायला लागले. एक अंदाज बरोबर आला की माणसाचे पुढचे दहा चुकतात.

सराव खळ्यावर चालायचा. हे दगड मांडायचे, मधे बाज आडवी टाकायचे, आणि त्यातून सायकल अशी काढायचे की बघणाऱ्यानं श्वास धरावा. दगड आडवा आला की पायडल अर्धी मागं घ्यायची, तोल धरून क्षणभर जागेवर उभं राहायचं, आणि पुन्हा पुढं रेटायचं. मागं घेताना मागच्या चाकातून टिकटिक आवाज यायचा. त्या चाकाच्या मधोमध दातेरी चकती असते, फ्रीव्हील म्हणतात तिला. पायडल थांबली तरी चाक फिरतं ती तिच्यामुळं, आणि पायडल रेटली की चाकाला पकडते तीही तीच. हे मला आज माहीत आहे. तेव्हा मला ती टिकटिक आवडायची नाही. आमच्याकडं गाडीचं चाक कुरकुरलं की म्हणतात, वंगण कमी पडलंय. जे वाजतं ते उपाशी असतं, हे गावात लहान लेकरालाही ठाऊक. ह्यांनाही तेच वाटायचं. हिंगोलीहून मशीनच्या तेलाची एक लहान बाटली त्यांनी मोठ्या मिनतवारीनं मिळवली होती. ती कोनाड्यात असायची, आणि तीतलं तेल थेंब थेंब करून ते त्या चकतीला पाजायचे.

भादव्यात एक दिवस सगळे शेतावर गेले होते. मी मागं राहिले, डोकं दुखतंय म्हणून. डोकं मुळीच दुखत नव्हतं. मला सायकल चालवायची होती. मिस्त्रीला सायकल चालवता येऊ नये म्हणजे काय? लुगडं खोचलं, गोठ्याच्या भिंतीला सायकल टेकवली, बसले, आणि भिंतीला म्हटलं, "सोडते हं." भिंतीला सोडल्यावर मी साधारण तीन हात गेले. मग उकिरडा आला. उकिरडा चुकवला, म्हणून पुन्हा भिंत आली. हँडल कोनाड्यात घुसलं आणि बाटली खाली आली. फुटली नाही. फुटली असती तर किती बरं झालं असतं! फुटलेली बाटली लपवता येत नाही. ती आडवी पडून गळ-गळ करत सगळं तेल मातीला पाजून मोकळी झाली.

मी शेणानं माखलेली, पुढ्यात रिकामी बाटली, आणि डोक्यात ह्यांचा राग. एवढं तेल कुठून मिळवलं होतं त्यांनी! आता गंजी पेटणार. घरात एरंडेल होतं, गाडीच्या आसाला घालायचं. पण ते दाट, बाटलीत ओतलं असतं तर ह्यांनी एका नजरेत ओळखलं असतं. करडईचं फिकं. जवसाचं मात्र पिवळंधमक, पातळ, त्या मशीनच्या तेलासारखं हुबेहूब. मी जवसाचं तेल बाटलीत भरलं, बाटली पुसली, कोनाड्यात ठेवली, आणि अंघोळ करून डोकं बांधून पडून राहिले.

जवसाचं तेल आम्ही दाराला लावायचो, गाडीच्या दांड्याला लावायचो. लावलं की चार-आठ दिवसांत ते सुकून लाकडावर कवच धरतं, पाऊस आत शिरत नाही. हे मला माहीत होतं. दरवर्षी मीच लावायचे. दाराचं तेल मला माहीत होतं आणि सायकलीचं तेल मला माहीत होतं. दोन्ही एकच आहे, एवढंच काय ते माझ्या डोक्यात शिरलं नाही.

घट बसले तसं ह्यांनी सायकल चालवणं बंद केलं. ट्यूबला ठिगळावर ठिगळ झालं होतं, ती परीक्षेपर्यंत टिकायला पाहिजे होती. सायकल दक्षिणेच्या भिंतीला उभी राहिली, आश्विनाच्या उन्हात. खंडेनवमीला घरातली अवजारं धुऊन पुजतात: विळे, कुऱ्हाड, नांगराचा फाळ. यंदा त्यांत सायकल आली. मी तिला चिंचेनं घासली, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, आणि सणाचं म्हणून त्या चकतीला उदार हातानं तेल पाजलं. आत्याबाईंनी ओवाळलं. मग मी पायडल हातानं मागं फिरवून पाहिली.

टिकटिक नाही. एक शब्द नाही.

मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! मी ह्यांना हाका मारून बोलावलं. "बघा, आवाजच गेला! आता पोटभर पेली."

ह्यांनी दोनदा फिरवून पाहिलं. कपाळाला एक आठी आली, आणि गेली. "खरंच की. लोन्यावानी झालीय." आणि मग माझ्याकडं बघून हसले. त्या हसण्यासाठी मी आणखी चार थेंब घातले.

परीक्षेच्या दिवशी सगळा गाव ओढ्यावर. आम्ही बायका धुणं घेऊन वरच्या अंगाला बसलो होतो. एवढं स्वच्छ धुणं त्या गावानं कधी धुतलं नसेल, एकेक चोळी दहादा. शेठ छत्री धरून खुर्चीवर बसला होता. पाच जण आले होते. पहिले तिघं चढणीवरच गेले; एकाची सायकल तर त्याला सोडून एकटीच खाली आली. चौथा शिरड शहापूरकडचा, मणियाराचा मुलगा. बांगड्यांची पेटी सायकलीला बांधून खेडोपाडी फिरायचा, सगळ्या बायकांच्या ओळखीचा. त्याची सायकल म्हणजे नुसती हाडं. ती ओरडत, खडखडत चढली, ओढ्यातून गेली, आणि पाणंदीत दोनदा लटपटूनही पार झाली. जाऊबाई म्हणाल्या, "केवढा वाजतोय गं खटारा!" मी म्हटलं, "तेल न्हाई त्याला." माझ्या आवाजात दया होती. दया!

मग हे आले. मऊ टायर दगडाला धरत वर गेलं, कुठं घाई नाही, कुठं धक्का नाही, कुठं पायडल मागं घ्यायची वेळ नाही. शेठ खुर्चीवरून उठून बघायला लागला. मला वाटलं, झालं, आता फक्त पाणी आणि पाणंद. हे ओढ्यात उतरले. घोट्याएवढं पाणी, खाली गोटे. मधोमध एक मोठा धोंडा होता, त्याच्याशी येऊन त्यांनी पायडल अर्धी मागं घेतली, खळ्यावर शंभर वेळा घेतली होती तशी. तोल धरला. आणि पुढं रेटली.

पाय भिंगरीसारखा फिरला. सायकल हलली नाही. पुन्हा रेटली, पुन्हा नुसता पाय फिरला, जसं कणगीत हात घालावा आणि आत दाणाच नसावा. माणूस आणि सायकल पाण्यात उभे होते, दोघांनाही काय झालं ते कळेना. किती वेळ त्यांनी तोल धरला! नुसत्या कमरेवर, हात पसरून. शेवटी उजवा पाय अगदी सावकाश पाण्यात उतरला. ते पडलेसुद्धा नाहीत. पाणीसुद्धा उडालं नाही.

"बाद," शेठचा माणूस म्हणाला.

मणियाराचा मुलगा पलीकडच्या काठावर होता, तो परत पाण्यात शिरला. त्यानं मागचं चाक उचललं, पायडल पुढं फिरवली, मागं फिरवली, कान लावला. "भाई, इसका आवाज कां गया?" मग चकतीवर बोट फिरवलं, ते चिकटलं, नाकाशी नेलं. "जवस का तेल? अरे, अंदर दो छोटे कुत्ते रहते. वो उछल के दांत पकडते, तो चाक फिरता. तुम तो उनके मुंह में गोंद भर दिए! चढान पे जैसे-तैसे पकड़े रहे, पीछे लिए तो चिपक के बैठ गए. इसमें जवस कौन डाला?"

आमच्या ह्यांनी मान वर केली. इतक्या बायकांत त्यांनी मला बरोबर शोधलं. माझ्या हातात पिळलेली चोळी होती, तिच्यातून पाणी गळत होतं. त्यांनी मला पाहिलं, आणि त्यांना सगळं कळलं. बाटली, कोनाडा, माझं दुखणारं डोकं, सगळं.

"मीच घातलं," ते म्हणाले.

"जवस!" थोरले दीर काठावरून हसले. "आरं, चटनी करायची व्हती का सायकलीची?" काठावरचा सगळा गाव हसला. खोटं कशाला सांगू, जाऊबाईंना माझ्या तोंडावरचा अपराध दिसू नये म्हणून मीही हसल्यासारखं केलं.

दिवस मावळायच्या आत ते घरी आले. मी न्हाणीच्या दगडावर पाणी ठेवलं. ते पाय धुवायला लागले. मी वाट बघत होते, गंजी कधी पेटते त्याची. पेटावी असं वाटत होतं.

"मशीनचं तेल संपलं व्हतं का?" त्यांनी विचारलं.

"सांडलं. माज्या हातानं."

"मग सांगायचं न्हाई व्हय?"

"तुमी रागावला असता."

ते पायावर पाणी ओतत राहिले. "रागावलो असतो," म्हणाले. "दोन घंटे. अन मग एरंडेल घातलं असतं."

एवढंच बोलले. आवाज चढवला नाही. पुढंही कधी नाही. दोन घंट्यांचा राग चुकवण्यासाठी मी काय केलं, याचा हिशेब माझा मीच लावायचा होता, आणि त्यांनी तो माझ्यावर सोडला.

दिवाळी झाली. मुकादम आला. जाण्याच्या आदल्या दिवशी ह्यांनी ते फ्रीव्हील खोललं, रॉकेलमध्ये बुडवलं, चिंधीनं पुसून पुन्हा बसवलं. आतून पिवळा गोंद निघाला, सुकलेल्या साखरेच्या पाकासारखा. सायकल त्यांनी मणियाराच्या मुलाला देऊन टाकली. दीर म्हणाले, "फुकट?" तर म्हणाले, "त्याला कामाची हाय. आपल्याला काय कामाची?" मी दशम्या करून दिल्या. वाटीत जवसाची चटणी होती, ती मी बांधू की नको म्हणून हातात धरून उभी राहिले. त्यांनीच ती घेऊन फडक्यात ठेवली. "दे. चटनी चांगली करतीस तू." चिडवत होते की खरं सांगत होते, ते मला आजतागायत कळलेलं नाही, आणि विचारायला आता कुणी नाही.

मणियाराचा मुलगा रोज दुपारच्या आत आमच्या दारावरून भाव घेऊन जायचा, आमच्या हिरव्या सायकलीवरून. खडकाच्या चढणीला हवा कमी ठेवायची, हेही ह्यांनी त्याला सांगितलं होतं. कधी थांबून विचारायचा, "भाभी, भाई का खत आया?" खत यायचं, वर्षात दोनदा. दुसऱ्याच्या हातचं लिहिलेलं. खुशाल आहे, खोकला आहे, सुट्टी नाही.

सुट्टी मिळायची वर्षाला पंधरा दिवस. पहिल्या सुट्टीनंतर माझी लेक झाली. दुसऱ्या सुट्टीत तिनं त्यांच्या मांडीवर भोकाड पसरलं. तिसरी सुट्टी खाणीत दरड कोसळली त्यात गेली. हे वाचले, पण छाती भरली. पुढची दोन वर्षं आमच्याकडं रझाकारांची धामधूम, वाटा बंद, कुणी येईना, कुणी जाईना. निजामी गेली त्या साली, थंडी पडल्यावर ते आले. दारात उभे राहिले तेव्हा आत्याबाईंनी विचारलं, "कोन हाय?" ते खांबाला धरून बसले. चेहरा काळपट, डोळ्यांच्या कडांना काजळासारखी कोळशाची रेघ, धुऊनही न जाणारी. खोकले की अंगणातल्या कोंबड्या उठायच्या.

लेक चार-साडेचार वर्षांची होती. तिला मी सांगितलं, हे तुझे बा. तिनं मान हलवली, शहाण्या लेकरासारखी. त्यांनी आणलेला खाऊ घेतला, पाया पडली, आणि त्यानंतर पंधरा दिवस ती त्यांच्याशी फार चांगली वागली. पाणी आणून द्यायची, चटई अंथरायची, त्यांच्यासमोर आवाज चढवायची नाही. मला वाटलं, रुळली.

शेवटच्या दिवशी हे अंगणात फेटा बांधत होते. ती स्वयंपाकघराच्या दारात आली आणि मला विचारलं, हळू विचारायचं एवढं कळत होतं तिला, पण लेकरांचं हळू म्हणजे सगळ्या घराला ऐकू येतं: "आई, पाव्हनं कवा जानार हायत?"

मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी फेट्याचा शेवट खोचला.

"ह्ये बघ, निघालोच," ते तिला म्हणाले.

मी काही म्हणायला पाहिजे होतं. लेकीनं चपला आणून त्यांच्या पुढ्यात सरळ मांडल्या, आणि वेशीपर्यंत त्यांच्यासोबत चालत गेली. पाहुण्यांना वेशीपर्यंत पोहोचवायची रीत मीच तिला शिकवली होती.